राणीच्या आधी माझे हात

सरहद्दीवरच्या, इंग्रजांच्या बेरिकच्या किल्ल्यात मला स्टुलावर बसवलं आणि तिथल्या अंमलदार थॉरल्डसाहेबांनी पेटी उघडली. आत मीच शिवलेले हातमोजे होते, करडाच्या कातड्याचे, बदामाच्या तेलात मुरवलेले. आमच्या स्कॉटलंडच्या राणीने ते इंग्लंडच्या राणीला भेट धाडले होते. पत्रांतून दोघी एकमेकींना ‘लाडक्या ताई’ म्हणतात, आणि एकमेकींच्या हातचं पाणीसुद्धा पीत नाहीत.

“उद्या सकाळपर्यंत हे घालून बसायचं,” साहेब म्हणाले. “हात लाल झाले तर विष आहे असं समजू. मग फाशी.”

विष कुठलं! पण वीस वर्षं तुरटीच्या पाण्यात कातडी मळून माझे हात मुळातच लालभडक, भेगाळलेले.

“साहेब, आधी हे बघा तरी! असेच आहेत ते.”

त्यांनी नाक मुरडलं. “घाल गं मुकाट्याने.”

दिवसभर तळहात खाजत होते. पहारेकऱ्याने ओटची लापशी भरवली, तीही शिव्या देत. मला राहून राहून नवऱ्याची, निनियनची काळजी वाटत होती. मोज्याच्या अंगठ्याचा तुकडा बेतायचा म्हटलं की अजून मला हाक मारतो. मी लटकले तर दुकान कसं चालवणार हा माणूस?

सकाळी मोजे काढले. मी डोळे गच्च मिटले.

“काल हे हात असे नव्हते,” साहेब म्हणाले.

पाहिलं तर भेगा मऊ पडलेल्या, लाली उतरलेली.

“बदामाचं तेल, साहेब.”

“एका दिवसात? काय कालवलंयस यात? आणखी दोन दिवस घाल!”

बरे झालेले हातही त्यांना खपेनात. मी रडले, भांडले, शेवटी घातले. दोन दिवसांनीही हात लाल झाले नाहीत, तेव्हा कुठे त्यांनी मला सोडलं.

महिन्याभराने एडिनबराला आमच्या दुकानात राजवाड्याचा कारभारी आला. त्याच्या काखेत पेटी होती.

“युफेमबाई, चला. तिकडच्या राणीकडून परतभेट आलीय. हातमोजे.”

“मीच का?”

“तुम्हाला सवय आहे ना.”

“जाऊ नकोस गं,” निनियन पुटपुटला. पण राजवाड्याला नाही म्हणणारी मी कोण?

मी पेटीला नाक लावलं. बदाम नव्हता, गुलाबही नव्हता. वीस वर्षांत पहिल्यांदाच मला मोज्याचा वास ओळखता आला नाही.

“जरा थांबा,” मी कारभाऱ्याला म्हणाले. मग कातरी निनियनच्या हातात दिली आणि अंगठा कसा बेतायचा ते त्याला दाखवायला बसले.