खातूनची मिशरी

सन चौतीसच्या थंडीत, शहाद्याच्या पिंजारवाड्यात, खातूनची सहा वर्षांची जाहेदा सकाळीच अंगणात कोसळली. अंग घामानं भिजलेलं, वर ओकारी. नजर लागली म्हणून शेजारणी मिरच्या शोधायला धावल्या. खातूननं मुलीची घट्ट मिटलेली मूठ उघडली, तर आत मिशरी. खातून रोज तंबाखू तव्यावर जाळून दात घासायला करायची, तीच.

दुपारपर्यंत मुलगी सावरली. खातूननं मारायला हात उचलला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अम्मा, तू बी लावस ना. मंग मी काब्र नही लावू?"

खातूननं हात खाली घेतला. संध्याकाळी तिनं मिशरीचा डबा चुलीत रिकामा केला. नवरा मेहबूब कापूस पिंजता पिंजता हसला, चार दिवसांची हौस म्हणाला.

बाजारातून तिनं कालीबाईकडून निंबाची दातणं आणली. सातपुड्यातून मोळी घेऊन येणाऱ्या त्या बाईनं टोक चावून मऊ कसं करायचं, हिरड्यांवरून हलकं कसं फिरवायचं, शेवटी काडी चिरून जीभ कशी साफ करायची, सगळं दाखवलं. रोज सकाळी खातून जाहेदाला घेऊन ओट्यावर बसू लागली. गल्लीतली आणखी तीन पोरं येऊन बसली.

पण मिशरी सोडल्यापासून खातूनचा जीव थाऱ्यावर नव्हता. डोकं ठणकायचं, भाकरी करपायची, सरकी वेचताना बोटं थरथरायची. विनाकारण ती मेहबूबवर खेकसायची. घरात दोन घटका बसवेना, बाहेर करमेना.

पाचव्या दिवशी पहाटे ती शेजारच्या गुलाबबाईकडे गेली आणि चिमूटभर मिशरी मागून घेतली. परसात उभ्यानंच लावली. डोकं हलकं झालं. परत आली, तर जाहेदा ओट्यावर कोरडं दातण हातात धरून तिची वाट पाहत बसलेली.

चूळ भरून गप्प राहता आलं असतं. खातून तिच्याजवळ टेकली.

"आज मी मिशरी लाई. तुले खोटं काब्र सांगू?"

जाहेदानं थोडा विचार केला. "मंग थुकी टाक. आनि मन्हासंगे परत घास."

खातूननं तसंच केलं. त्यानंतरही दोनदा तिचा तोल गेला, दोन्ही वेळा तिनं पोरीला सांगितलं. होळीपर्यंत बोटांचा कंप गेला. तलफ मात्र कुणाच्या घरून जळत्या तंबाखूचा वास आला की अजून उठायची. तेवढा वेळ ती अंगणात येरझाऱ्या घालायची.