नीट टाकून दिलेला ट्रक

मित्रांनो, जगाचं ओझं आजवर ट्रकांनीच वाहिलेलं आहे. मी एक जुना ट्रक आहे. लांबी एक वीत, वजन पावशेर, आणि सध्या पाठीवर एक निवडुंग.

माझा जन्म खेळण्यांच्या कारखान्यात झाला. बिस्किटांच्या डब्यांवरची छपाई बिघडली की तो पत्रा आमच्याकडे येई. म्हणून बाहेरून मी लाल असलो, तरी माझ्या टपाच्या आतल्या बाजूला डब्यावरच्या बाळाचा एक डोळा आणि अर्धा गाल आहे. घराण्याविषयी याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

तिथून मी एका गवंड्याच्या मुलीकडे आलो. तिने मला सहा वर्षं राबवलं. वाळू, खडे, कांदे, एकदा तर मांजरीचं आजारी पिल्लूसुद्धा मी वाहिलं. माझा डावा दरवाजा तिने दातांनी उपटला. पण रोज संध्याकाळी ती मला फ्रॉकने पुसायची आणि चाकांना शिवणयंत्राचं तेल द्यायची. कौतुक तिला जमत नसे. "चल रे मुडद्या," एवढंच म्हणायची. मी चालायचो.

ती मोठी झाली. मी माळ्यावर गेलो, माळ्यावरून पोत्यात आणि पोत्यातून भंगारात. तिथे मला साहेबांनी उचललं.

साहेब निवृत्त अधिकारी आहेत. आयुष्यभर त्यांनी फायली अडवल्या, आता ट्रक अडवतात. बागेत आम्ही एकोणीसजण आहोत. प्रत्येकजण सहज टाकून दिल्यासारखा दिसला पाहिजे, असा त्यांचा दंडक आहे. मला सहज टाकून द्यायला त्यांना सव्वा दोन तास लागले. दोनदा तर ते फाटकापर्यंत जाऊन, डोळे बारीक करून बघून आले. त्याच दुपारी मी उतारावरून घरंगळलो आणि एक कुंडी फोडली. तेव्हापासून माझी पुढची चाकं सिमेंटमध्ये आहेत. मागची हवेत आहेत, पण गंजाने धरलेली.

माझे काही शेजारी तर दुकानातून कोरे करकरीत आलेले आहेत. साहेब त्यांना मिठाच्या पाण्यात बुडवतात आणि कपड्यांच्या दोरीवर वाळत घालतात. आठवड्याभरात ही पोरं म्हातारी होतात आणि मलाच जुन्या काळच्या आठवणी सांगू लागतात. पाहुणे येतात, "किती जिवंत वाटतं हो!" म्हणतात आणि चहा प्यायला आत जातात.

परवा मातीची पोती घेऊन टेम्पो आला. टेम्पोवालीने एक पोतं उतरवलं, मला पाहिलं आणि माझ्या रिकाम्या डाव्या दरवाजावरून बोट फिरवलं.

"काका, हा माझा ट्रक आहे."

"असे हजार असतात," साहेब म्हणाले.

"याच्या टपाच्या आत बाळाचा एक डोळा आहे. बघा."

साहेबांनी चष्मा चढवला आणि ओणवे होऊन माझ्या आत पाहिलं. बाळाने साहेबांकडे पाहिलं. मित्रांनो, माझ्या रिकाम्या दरवाजात वारा अडकला. आता सुटलो, असं मला वाटलं.

"अगं, म्हणजे याला इतिहास आहे!" साहेब मोहरून गेले. "मी याच्याखाली तुझ्या माहितीची पाटी लावतो."

"पाटी नको, ट्रक द्या."

"तू ट्रक नेलास तर पाटी कशाखाली लावू?"

असं बोलायला तीस वर्षांची नोकरी लागते. टेम्पोवालीने आपल्या गाडीकडे बोट दाखवलं. "माझ्या टेम्पोलाही गंज आहे. तो ठेवा बागेत. निवडुंग काय, आंबा लावा."

"त्या गंजात भाव नाही," साहेब म्हणाले.

ती टेम्पोतून तेलाची बुधली घेऊन आली. माझ्या मागच्या चाकांवर चार थेंब सोडले, जरा थांबली आणि अंगठ्याने एक चाक ढकललं. ते कुरकुरलं. मग फिरलं.

"चल रे मुडद्या," ती हळूच म्हणाली.

"तेल नको! गंज जाईल!" साहेब ओरडले. त्यांनी दात घासायचा ब्रश आणला आणि साबणाच्या पाण्याने तेल काढायला बसले. ती उरलेली पोती उतरवून निघून गेली. जाताना फाटकापाशी थांबून तिने एकदा मागे पाहिलं. डोळे मात्र बारीक केले नाहीत.

आता माझ्याखाली पाटी आहे. त्यावर 'एका कष्टाळू बालिकेचे खेळणे' असं लिहिलेलं आहे. तेल मात्र साहेबांच्याने पुरतं निघालं नाही. आयुष्यात त्यांनी अर्धवट सोडलेलं एक काम माझ्या पथ्यावर पडलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगून आत्मवृत्त संपवायची रीत आहे. माझी काळजी घेणारे साहेब तुम्ही पाहिलेतच. तेव्हा ते राहू द्या. फक्त या रस्त्याने गेलात तर कुंपणातून हात घालून माझ्या मागच्या चाकाला एक टिचकी मारा. उजव्या. डावं अजून वाजतं, आणि साहेब दुपारी ओसरीवरच झोपतात.