बाबांच्या नावावरचे पत्ते

आमच्या घरात पत्त्यांचा एकही कॅट वर्षभर पुरा टिकला नाही. आज एक्का गायब, उद्या राणी. चोर कोण हे विचारायची गरजच नसायची. सगळे बाबांकडे बघायचे आणि बाबा दोन्ही हात वर करून ओरडायचे, "मीच तो! न्या मला तुरुंगात, पण जेवण झाल्यावर!"

बाबा जुने सोफे, खुर्च्या नव्या कापडानं मढवून द्यायचे. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. तयार सोफ्यावर गिऱ्हाइकाला दोन उड्या मारायला लावल्याशिवाय ते सोफा दाराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, मग गिऱ्हाईक वकील असो की डॉक्टरीण. माझा नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा बाबांनी त्याच्या गादीखाली सायकलचा भोंगा ठेवला होता. बिचारा बसला काय आणि उडाला काय! मी बाबांशी अबोला धरला, नवरा मात्र त्यांच्यावर फिदा. पुढे माझी लेक झाली आणि बाबांना हक्काची जोडीदारीण मिळाली.

बाबा गेले आणि रविवारचा डाव बंद पडला. आई ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊ लागली. "ज्यांच्याशी भांडायचं तेच नाहीत, खेळू कुणाशी?" म्हणायची. एवढी बोलकी बाई, पण हो-नाहीच्या पुढे जाईना. ही अशीच खंगत जाईल, याची मला भीती वाटायची. आणि खरं सांगते, बाबांचा रागही यायचा. आपण गेले ते गेले, वर हिचं हसूही घेऊन गेले.

अशात आईच्या खुर्चीचं कापड फाटलं. दुकान आता दादा बघतो. रविवारी त्यानं खुर्ची पुढच्या खोलीत नेली, उलटी केली आणि खालच्या कापडाचे खिळे उपसले. आतून भसाभसा पत्ते पडले. एक्के, राजे, राण्या. दुर्री-तिर्री एकही नाही.

"आजोबांचा खजिना!" माझी लेक ओरडली.

"पण खुर्ची तर आईची आहे," दादा म्हणाला.

आम्ही वळून पाहिलं. दारात आई उभी होती, कानापर्यंत लाल झालेली.

"म्हणजे तू?" माझा आवाज चढला. "आणि बाबांना चोर म्हणायचीस ते सगळ्यांत मोठ्यानं!"

"मग काय करू? ते आपणहून कबूल करून मोकळे व्हायचे. त्यांना आपली मस्करी. मी चोरते हे ह्यांना काय ठाऊक!"

दादा खुर्चीच्या बाजूवर बोट फिरवत होता. बसल्या जागेवरून हात पोचेल अशा ठिकाणी कापडात एक फट होती. "आई, ही फट कुठून आली?"

"शिवण उसवली होती जराशी."

"ती जुन्या कापडाची. हे कापड बाबांनी नंतर चढवलं. तेव्हा त्यांनी खुर्ची माझ्यासारखीच उघडली असणार. पत्ते आत तसेच राहू दिले, आणि नव्या कापडात मुद्दाम फट ठेवली. काठाला गोट बघ कसा लावलाय. पत्ता अडकू नये म्हणून."

आईनं फटीत बोटं घातली आणि त्या गोटावरून पुन्हा पुन्हा फिरवली.

"लबाड माणूस!" ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, मग रडता रडता पुन्हा हसली. माझंही तेच झालं.

"आता नवं कापड घालताना फट बुजवू का?" दादानं विचारलं.

"खबरदार!"

पुढच्या रविवारी खुर्ची तयार झाली. आईनं आधी तिच्यावर दोन उड्या मारल्या, मग टेबलाशी बसून पत्ते पिसले. दोनच डाव झाले असतील, बदामची राणी गायब झाली. सगळ्यांच्या नजरा आईकडे वळल्या. आई आढ्याकडे बघत बसली.

तेवढ्यात माझी लेक टुणकन उठली आणि तिनं दोन्ही हात वर केले. "मीच ती! न्या मला तुरुंगात, पण जेवण झाल्यावर!"