शिट्टी वाजल्याशिवाय गाडी हलत नाही

मी शिट्टी बोलतेय. पितळेची, बुटकी, पोटात बुचाची गोळी असलेली. आजवर मला जे काही म्हणायचं होतं ते फुर्रर्र करूनच म्हणावं लागलं. आज मात्र चार शब्द नीट बोलणार आहे, कारण माझं डोकं फिरलंय. मला माणसांची शिसारी आली आहे. सगळ्यांची नाही हो, एका क्लबाची. नाटकाला जाणाऱ्या क्लबाची!

माझा जन्म एका छोट्या कारखान्यातला. पत्रा कापला, ठोकला, डाख दिला, घासूनपुसून चकचकीत केलं आणि खेळाच्या सामानाच्या दुकानात डबाभर बहिणींबरोबर ठेवून दिलं. तिथून मला एका शाळेच्या व्यायामशिक्षकांनी उचललं. त्यांना सगळं गाव मास्तर म्हणायचं. मैदानावरचे ते दिवस काय सांगू! मी एकदा वाजले की अख्खं मैदान जागच्या जागी उभं. मास्तर मला आठवड्याला साबणानं धुवायचे, पुसायचे, उन्हात ठेवायचे. वस्तू कशी वापरावी ते त्यांच्याकडून शिकावं.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता आपण खणात पडणार. पण मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या बाईंनी, मला मागून घेतलं. बाई क्लबाच्या सेक्रेटरी. काम एकच, सगळ्यांना बसमधून शहरात नाटकाला न्यायचं आणि परत आणायचं. ऐकायला किती छान वाटतं ना? दुरून डोंगर साजरे.

एका नाटकासाठी बाईंचा जीव किती मेटाकुटीला यायचा ते मी पर्समधून ऐकत असे. आधी कुठलं नाटक यावर भांडण. विनोदी लावलं तर "थिल्लर आहे हो," गंभीर लावलं तर "घरी काय कमी रडतो?" मग जागा. ज्याचे गुडघे दुखतात त्याला कडेची खुर्ची हवी, आणि कडेची खुर्ची आहे असं कळलं की सगळ्यांचे गुडघे दुखायला लागतात. क्लबाचे अध्यक्ष तर फोनवर सांगायचे, "मला कुठेही बसवा, माझं काही नाही. फक्त पहिली रांग, मधली खुर्ची."

आणि थिएटरमधलं वागणं? शी! वेफर्सकाका म्हणून एक गृहस्थ आहेत. रंगमंचावर आई मरते आहे, पोरगा पायाशी बसलाय, सगळीकडे शांतता, आणि हे पाकिटात हात घालून चुर्रचुर्र करतायत. वर शेजारच्याला विचारतात, "घेणार?" खुर्चीखाली शेंगांची टरफलं, हाताच्या टेकूला चिकटवलेलं च्युइंगगम. मध्यंतरानंतर या लोकांना आत हाकायला बाई मला वाजवायच्या तेव्हा मी लाजेनं आणखी किंचाळायची.

पण खरी मेख पुढेच आहे. बसमधल्या खिडकीच्या जागा! जो आधी पोचेल त्याची खिडकी. बाईंनी एकदा बसमध्ये खुर्च्यांवर नावं चिकटवून पाहिली. बस सुटेपर्यंत सगळी नावं खिडक्यांकडे सरकलेली. पालथ्या घड्यावर पाणी! मग झालं काय, नाटकाचा शेवटचा प्रवेश सुरू झाला की ही मंडळी उठायची. पडदा पडेपर्यंत बसायचंच नाही. इतक्या वर्षांत या क्लबानं एकाही नाटकाचा शेवट पाहिलेला नाही, शपथेवर सांगते. एकदा खुनाचं नाटक होतं. परतीच्या बसमध्ये खुनी कोण ते कुणालाच ठाऊक नाही. अध्यक्षांनी हात वर करून मतं घेतली आणि मेहुणा बहुमतानं खुनी ठरला. बाईंनी नाटक पूर्ण पाहिलं होतं, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

बाई मागे राहायच्या त्या विसरलेले चष्मे, शाली, छत्र्या गोळा करायला. मग बसपाशी येऊन मला वाजवायच्या. मी वाजल्याशिवाय गाडी सुटायची नाही, हा ड्रायव्हरदादांचा नियम. कारण एकदा एक म्हाताऱ्या आजी थिएटरच्या बाथरूममध्ये राहिल्या आणि बस निघाली. त्यांचा स्वतःचा मुलगा बसमध्ये खिडकीपाशी बसून घोरत होता. अर्ध्या रस्त्यातून परत फिरावं लागलं. तेव्हापासून दादा म्हणाले, "ताईंची शिट्टी वाजल्याशिवाय माझं चाक हलणार नाही, मग कुणी का बोंबलेना."

तर या सगळ्यात मास्तरांना म्हातारपणी नाटकाचं वेड लागलं. शहरातल्या एका हौशी मंडळात जायला लागले. भूमिका मिळाली ती शेवटच्या प्रवेशातल्या बापाची. वर्षानुवर्षं घर सोडून गेलेला बाप परत येतो, दारात उभा राहतो आणि विचारतो, "घरात आहे का कुणी?" मग त्याची लेक आतून येते. मोजकी वाक्यं, पण ते पहिलं वाक्य म्हणायला मास्तरांना घाम फुटायचा. मैदानावर गरजणारा माणूस, घरात दारामागे उभा राहून पुन्हा पुन्हा तालीम करायचा. "घरात आहे का कुणी?" स्वयंपाकघरातून बाई ओरडायच्या, "मी आहे! पण दूध उतू जातंय, लवकर या." दोघंही हसायचे.

क्लबाला तेच नाटक दाखवायचं ठरलं. मास्तर बाईंना म्हणाले, "अगं, मला हार नको, टाळ्या नकोत. त्यांना फक्त शेवटपर्यंत बसायला सांग. मी आत येताना समोर माणसं उठलेली दिसली तर माझी बोबडी वळेल." एवढंच मागितलं होतं त्यांनी.

बाईंनी सगळ्यांना हात जोडून सांगितलं. काय एकेकाचा उत्साह! "मास्तर म्हणजे आपले मास्तर!" अध्यक्ष म्हणाले, "जो उठेल त्याचं नाव क्लबातून कमी." वेफर्सकाकांनी तर छातीवर हात ठेवला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

दुपारचा खेळ होता. आमचा क्लब पुढच्या रांगांत, बाई कडेच्या खुर्चीत, मी त्यांच्या पर्समध्ये. शेवटचा प्रवेश आला. रंगमंचावर मंद उजेड, रिकामी बैठक, मागे दार. आणि माझ्या कानावर पहिली खट् आली. खुर्चीची बैठक वर उडाल्याची. एक वहिनी शाल सावरत उठल्या होत्या. "पाय आखडलेत हो जरा." त्यांच्यामागे दुसरी खट्, तिसरी, मग खटाखट सगळी रांगच.

बाईंनी अध्यक्षांची बाही धरली. "अहो, आता ह्यांचाच प्रवेश आहे. तुम्ही कबूल केलं होतं."

"हो हो, दारातून बघतो ना," अध्यक्ष कुजबुजले आणि बाही सोडवून गेले. दारातून! अरे, दाराबाहेर तुमची बस उभी आहे, मला काय समजत नाही?

बाईंनी मला पर्समधून ओढून काढलं आणि ओठांना लावलं. मी सज्ज होते. एक फुंकर, आणि हे सगळे पोरांसारखे जागच्या जागी बसले असते. वाजवा बाई, वाजवा! पण तेवढ्यात रंगमंचावरचं दार उघडलं आणि मास्तर आत आले. मी वाजले असते तर त्यांचा प्रवेश मातीत गेला असता. बाईंनी मला खाली घेतलं आणि मुठीत इतकं घट्ट दाबलं की माझी कडी त्यांच्या तळहातात रुतली.

मास्तरांनी समोर पाहिलं. त्यांच्यापुढे उघड्या पडलेल्या खुर्च्या आणि पाठ फिरवून जाणारी माणसं. ते थांबले. ओठ हलले, आवाज आला नाही. माझ्या पोटातली गोळीसुद्धा गार पडली. मग त्यांची नजर कडेच्या खुर्चीवर आली, आणि त्यांनी तिकडेच बघत विचारलं,

"घरात आहे का कुणी?"

"मी आहे," बाई अगदी हळू म्हणाल्या. ऐकलं फक्त मी.

पुढची वाक्यं मास्तरांनी न अडखळता म्हटली. मागच्या रांगांतली अनोळखी माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली. त्या दिवशी बाईंनी एकही चष्मा, एकही छत्री गोळा केली नाही. सरळ आत गेल्या. मास्तर अर्धा रंग पुसून स्टुलावर बसले होते.

"गेले ना सगळे?"

"गेले. खिडक्या पकडायला."

"तू दिसलीस म्हणून बोललो बघ, नाहीतर दातखीळ बसली होती."

बाईंनी त्यांच्या गालावरचा उरलेला रंग पदरानं पुसला. एवढ्यात ड्रायव्हरदादा डोकावले. "ताई, मंडळी बसलीत. शिट्टी तेवढी मारा."

"आज शिट्टी नाही, दादा," बाई म्हणाल्या. "आम्ही मंडळाच्या टेम्पोतून जातोय."

दादांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. "मग चाक हलत नाही. नियम म्हणजे नियम," असं म्हणून ते निवांत चहा प्यायला गेले.

नंतर त्यांनीच घरी येऊन सांगितलं. मंडळी घामानं निथळत बसून होती. बाईंना शोधायला एक माणूस उतरला असता तर सगळं कळलं असतं. पण उतरणार कोण? जो उठेल त्याची खिडकी जाणार! शेवटी अध्यक्षांना बाथरूमची घाई झाली म्हणून ते उतरले, आणि परत येईपर्यंत त्यांच्या खिडकीत वेफर्सकाका बसलेले. मग जी जुंपली म्हणता! थू तुमच्या जिंदगानीवर!

बाईंनी सेक्रेटरीपण सोडलं. क्लबानं प्लास्टिकची शिट्टी आणली आहे, आणि त्यांचा शेवट अजून तसाच हुकतो म्हणे. मी आता मास्तरांच्या दारामागच्या खिळ्यावर असते, धुतलेली, पुसलेली. कुणी मला वाजवत नाही आणि मला वाजायचंही नाही. तुम्हाला एकच सांगणं आहे. नाटकाला जाऊ नका, काही बिघडत नाही. पण गेलात तर दिवे लागेपर्यंत बूड हलवू नका. शेवटच्या प्रवेशात कुणाचा तरी माणूस दारामागे उभा असतो.

ते बघा, मास्तर बाजारातून आले. हल्ली पिशवी खाली ठेवायच्या आधी दारातच विचारतात, "घरात आहे का कुणी?" आणि बाई हातातलं काम टाकून बाहेर येतात.