अध्यक्षांचं ‘नको’

ब्याण्णव सालच्या एप्रिलातल्या त्या शुक्रवारी उल्हास कारखानीस सकाळपासून अख्ख्या विलायतेवर उखडले होते. महिनाभर पेपरवाले आणि चाचण्यावाले छातीठोकपणे सांगत होते की यंदा मजूर पक्ष येणार, नाहीतर निदान त्रिशंकू तरी होणार. आणि शारजात, रोल्ला भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पोह्यांना फोडणी पडत होती तेव्हा रेडिओ म्हणाला, हुजूर पक्षच परत आला.

“शुद्ध लबाडी आहे ही!” उल्हासराव म्हणाले. “विचारलं तेव्हा मजूर, पेटीत टाकताना हुजूर. एवढी शिकलेली जमात, आणि तोंडावर खोटं बोलते?”

समोर तुकाराम बसला होता. दोघं एकाच विमानाने इथे आले होते, आणि तेव्हापासून दर शुक्रवारचे पोहे त्याने याच घरी खाल्ले होते. आज त्याने येताना एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी आणली होती. हेमाताई ती उचलून ठेवायला गेल्या, तर “राहू दे वहिनी, ऑफिसचं सामान आहे,” म्हणत त्याने ती खुर्चीखाली सरकवली.

“खोटं कसलं?” तुकाराम म्हणाला. “विचारणाऱ्याला काय ऐकायचंय ते माणूस ओळखतो. उगाच तोंडावर कशाला दुखवा?”

“मग देवाने तोंड दिलंय कशाला? मनात एक आणि ओठांवर भलतंच, हे काय माणसाचं लक्षण झालं?”

“अरे, सगळंच सरळ विचारता येत नाही आणि सगळंच सरळ सांगता येत नाही.”

“आपल्या मराठी मंडळात बघ. चाचणी नाही, पेटी नाही. हात वर केले की खलास!”

तुकारामने पोह्यांतली मिरची बाजूला काढली आणि बराच वेळ तो ती बाजूलाच करत राहिला.

उल्हासरावांचा एवढा संताप होण्याचं खरं कारण विलायतेत नव्हतं. ते दुबईच्या जबल अली बंदरात होतं. तिथल्या गोदामांच्या ऑफिसात त्यांचा इंग्रज साहेब, वयाने दहा-बारा वर्षांनी लहान, त्यांना ‘उली’ म्हणायचा. उली, फाइल आण. उली, ट्रक कुठे अडकला बघ. पन्नाशी उलटलेल्या माणसाला उली! हा साहेब कट्टर हुजूरवाला, म्हणजे उद्या शनिवारी तो दात काढत फिरणार. म्हणून तर उल्हासरावांनी महिनाभर मजूर पक्षाची बाजू घेतली होती. एरवी मजुरांशी त्यांचं काही फारसं देणंघेणं नव्हतं.

त्या उलीवर उतारा एकच होता, मराठी मंडळ. नऊ वर्षं ते तिथे अध्यक्ष होते. तिथे त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे; अध्यक्षसाहेब म्हणत. गणपतीची पहिली आरती ते आणि हेमाताई करायचे. यंदाचा गणपती त्यांचा दहावा असता, आणि मग दीडेक वर्षात नोकरी संपवून कायमचं परतायचं होतं. दहाव्या वर्षी अध्यक्ष म्हणून आरतीला उभं राहायचं, एवढीच त्यांची हाव. हाव म्हणायलाही लाज वाटावी इतकी छोटी.

आणि त्याच दिवशी चार वाजता मंडळाची वार्षिक सभा होती.

तिथली रीत सगळ्यांना पाठ होती. कुणीतरी अध्यक्षांचं नाव सुचवायचं. उल्हासरावांनी उठून हात जोडायचे, “नको नको, आता तरुणांनी पुढे यावं.” मग तुकारामने उठून म्हणायचं, “अध्यक्षसाहेब, आमचं ऐकावंच लागेल.” ते पुन्हा एकदा नको म्हणायचे, तुकाराम पुन्हा आग्रह करायचा, मग टाळ्या. पानावर बसलेला पाहुणा जिलबीला आधी नाही म्हणतो, तसंच हे.

कपडे करताना हेमाताई म्हणाल्या, “यंदा नको नको करू नका. सरळ हो म्हणा.”

“लगेच हो? बरं दिसतं का ते? माणूस हपापलेला वाटतो.”

“हपापलेले नाही आहात का?”

उल्हासरावांनी शर्टाची बटणं लावली. एका अर्थी सकाळचा निकाल त्यांना शकुनच वाटत होता. खुर्चीत बसलेले खुर्चीतच राहिले होते.

सभा उडप्याच्या हॉटेलवरच्या हॉलमध्ये होती. तिथेही सुरुवात विलायतेनेच झाली. चहाबरोबर सगळे मजूर-हुजूर करत होते, आणि उल्हासराव सर्वांत मोठ्याने. मंडळातला तरुण नीरव म्हणाला, “अंकल, पोलवाले तो बिचारे रिपोर्ट करतात. लोक काय बोलतात ते. मनातलं त्यांना कसं कळणार?” हा नीरव इथे नवा आला तेव्हा उल्हासरावांनी त्याला विमानतळावरून आणलं होतं आणि खोली मिळेपर्यंत घरात ठेवून घेतलं होतं.

“मनातलं कळायला नकोच,” उल्हासरावांनी त्याला सर्वांदेखत सुनावलं. “माणूस जे बोलतो तेच खरं धरायचं. नाहीतर जग चालणार नाही!”

लोक हसले. उल्हासरावांना वाटलं, आपण बरं बोललो.

मग नाव सुचवलं गेलं. ते उठले, हात जोडले, “नको नको, आता तरुणांनी पुढे यावं.” आणि त्यांनी तुकारामकडे पाहिलं.

तुकाराम उठला. त्याने खुर्चीखालून पिशवी काढली.

“अध्यक्षसाहेबांच्या इच्छेचा मान राखून,” तो खाली बघतच म्हणाला, “मी नीरवचं नाव सुचवतो.”

भराभर हात वर झाले. हॉलभर हात, आणि ज्यांच्या पोटात हेमाताईंचे मोदक नऊ वर्षं गेले होते त्यांचेही. पिशवीतून शाल निघाली, नारळ निघाला. नीरवने शाल त्यांच्या खांद्यावर घातली आणि तो वाकून पाया पडला. उल्हासरावांनी आशीर्वाद दिला. दुसरं काय करणार? शाल आदल्या दिवशीच आणलेली होती, हे समजायला काही फार अक्कल लागत नव्हती. सकाळी ती त्यांच्याच घरात, त्यांच्याच खुर्चीखाली होती, आणि तिच्यावर बसून तुकाराम पोहे खात होता.

टाळ्या थांबल्यावर नीरव हेमाताईंकडे वळला. “काकू, महिला विभागाचं प्रमुखपद तुम्ही घ्याल? प्लीज.”

“हो,” हेमाताई म्हणाल्या.

घरी परतल्यावर जिना चढताना उल्हासराव फणकारले, “लगेच हो म्हणालीस? त्या लोकांना? एकदा तरी नाही म्हणायचं.”

“मला ते काम करायचं होतं,” हेमाताई म्हणाल्या. “करायचं होतं म्हणून हो म्हटलं.”

शाल खांद्यावर तशीच ठेवून ते खुर्चीत बसले. त्यांचा घसा कोरडा पडला होता, डोकं ठणकत होतं, आणि चहाची तल्लफ तर अशी आली होती की सांगता सोय नाही.

“चहा घेणार?” आतून हेमाताईंनी विचारलं.

“नको,” ते म्हणाले.

आणि हेमाताईंनी एकच कप चहा टाकला.