उजव्या किडनीवर लाल फुली

भाग: किडनी, उजवी.
दोष: गाठ, साडेतीन सेंटिमीटर, खालच्या टोकाला.
निर्णय: रिजेक्ट.
सही: सावळीराम.

हे त्याने सीटी स्कॅनच्या पाकिटावर लिहिलं आणि आतल्या फिल्मवर, अख्ख्या किडनीवर, लाल मार्करने फुली मारली. अंबडच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्याचं हेच काम. पंपाची बॉडी हातात घ्यायची, मोजायची, शंका आली की फुली.

डॉक्टर योगिनी शिरसाठांनी फिल्म उजेडाला धरली. फुली कुणी मारली, असं त्यांनी विचारलं. आशाने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांचं म्हणणं: गाठ कॅन्सरचीच दिसते, पण लहान आहे आणि कडेला आहे. भोवतीच्या थोड्या चांगल्या भागासकट तेवढीच काढता येईल, उरलेली किडनी शिवून ठेवता येईल. अशा वेळी नुसती गाठ काढा की अख्खी किडनी, कॅन्सर परत येण्याची भीती जवळपास सारखीच.

सावळीरामचं म्हणणं: मग अर्धवट काम कशाला? दुसरी आहे ना.

डॉक्टरांचं म्हणणं: तुम्हाला बारा वर्षं डायबेटीस आहे. साखर डाव्या-उजव्यात भेद करत नाही. डावी आज ठीक आहे. वीस वर्षांनी?

सावळीरामचं म्हणणं: शंका ठेवून मला झोप येत नाही.

आशाचं म्हणणं: ते कुणी विचारलं नाही.

घरी, इंदिरानगरला, आल्या आल्या आशाने पुंजाला फोन लावला.

पुंजा म्हणजे पेठकडचा वेल्डर, कारखान्यातल्या दुरुस्तीच्या टेबलावरचा. सावळीरामने फुली मारलेला माल तो लाल डब्यातून उचलायचा, भरायचा, घासायचा आणि परत त्याच्याच पुढ्यात ठेवायचा. सावळीराम पुन्हा फुली मारायचा. दोघे असे सव्वीस वर्षं भांडले आणि एकमेकांच्या मुलांच्या लग्नात जेवले.

तो पेरू घेऊन आला. साखर आहे म्हणून कच्चे. जरा वेळ कारखान्यातल्या नव्या पोरांची निंदा झाली, कँटीनच्या चहाची झाली. मग तो म्हणाला, “साहेब, तो नमुन्याचा जॉब आठवतो? मोठ्या पंपाची बॉडी. एकच आलेली.”

“आठवतो.”

“त्याला भोक होतं. फुली नाय मारली तुम्ही. चार वेळा माझ्याकडं पाठवला. का?”

सावळीराम पेरू पुसत बसला. पेरू स्वच्छच होता.

“दुसरा नव्हता.”

“मग ही किडनी कंच्या लॉटमधली हाय?”

सावळीरामने पेरू खाली ठेवला.

“आत थोडं राहिलं तर, पुंजा?”

“ते डॉक्टरीणबाईंना विचारा. मी वेल्डर हाय.”

दुसऱ्या भेटीत सावळीरामने खिशातून कागद काढला. अकरा प्रश्न. अशी किती ऑपरेशनं केलीत? (डॉक्टरांनी आकडा सांगितला. तो त्याने लिहून घेतला.) किडनीचा रक्तपुरवठा किती वेळ थांबवणार? वीस-पंचवीस मिनिटं. धोका कशात जास्त? किडनी वाचवण्यातच, डॉक्टर म्हणाल्या. रक्तस्राव होऊ शकतो, शिवलेल्या जागेतून लघवी झिरपू शकते. नंतर? ठरावीक दिवसांनी स्कॅन, बरीच वर्षं.

अकरावा प्रश्न: आत गेल्यावर वेगळंच दिसलं तर?

“तर पूर्ण काढावी लागेल. त्याचीही परवानगी आधी घ्यावी लागते.”

“म्हणजे जॉब हातात घेऊन ठरवणार.”

“हो.”

त्याने पेन मागितलं.

“थांबा,” आशा म्हणाली. डॉक्टरही थांबल्या. “माझं सांगते. लोक नवऱ्याची साठी करतात. मला पंच्याहत्तरी करायचीय, आणि तुम्ही आठवड्यातून तीनदा डायलिसिसला गेलेले मला चालणार नाही. आता करा सही.”

त्याने केली. दोन ठिकाणी.

शुद्धीवर आला तेव्हा तोंड कोरडं होतं आणि कुशीत खिळा ठोकल्यासारखं दुखत होतं. छत दिसलं, सलाइन दिसलं, मग आशा.

“किती राहिल्या?” त्याने विचारलं.

तिने त्याच्या ओठांना ओला कापूस लावला.

“पावणेदोन.”

तो हसायला गेला आणि टाके ओढले.

“काढलेल्या गाठीची कड साफ आहे?”

“ते रिपोर्ट आल्यावर, आठवड्याने कळणार. तोवर झोपा.”

त्याने डोळे मिटले.