‘आधी’चा शॉट

माझा धाकटा भाऊ लहानपणापासून गोड बोलतो. घरात काही फुटलं की आईसमोर जाऊन तो असं काही बोलायचा, की शेवटी ओरडा मला बसायचा. आता तो एका कंपनीत मोबाइलची ॲप विकतो, म्हणजे बोलण्याचंच खातो. आणि त्याची एकुलती एक मुलगी अडखळत बोलते. यावर नातेवाईक हळहळतात, माझ्या मात्र डोक्यात तिडीक जाते. पोरीला बोलायला वेळ लागतो आणि यांना ऐकायला धीर नसतो, एवढीच काय ती भानगड.

तिचं घरातलं नाव टिचकी. नऊ वर्षांची आहे. जेवताना, अभ्यास करताना, दात घासताना तिचं उजव्या हाताचं बोट कशावर तरी वाजत असतं, म्हणून टिचकी. बाकीची अक्षरं तिला कधी अडतात, कधी सुटतात, पण ‘प’ म्हणजे बंद दार. ‘पाणी’ ती म्हणत नाही, ‘तहान लागली’ म्हणते. ‘पुस्तक’ म्हणत नाही, ‘ते निळं आण’ म्हणते. आणि पप्पांना ती आईचं ऐकून ‘अहो’ म्हणते. ‘अहो, इथे सही करा ना.’ घरात यावर सगळे हसून हसून लोळायचे. पाहुणे आले की भाऊ तिला मुद्दाम हाक मारायला लावायचा आणि भावजय लाजल्यासारखं करायची. पोरगी का ‘अहो’ म्हणते हे त्या घरात कुणाला कळलं नव्हतं. मला कळलं होतं, आणि तो विनोद मला कधीच गोड लागला नाही.

मी शाळेत संगीत शिकवते. गाताना टिचकी अडत नाही. गाण्यात ‘प’ नेमका कधी यायचा हे तालामुळे आधीच ठाऊक असतं, मग ती त्याला घाबरत नाही. हे भावाला मीच सांगितलं. सांगून मोकळी झाले आणि तिथेच फसले. सहा महिन्यांत त्याच्या कंपनीचं ॲप तयार झालं. फोन ठेका देतो, पडद्यावर एक बदक चालतं. ठेक्यावर शब्द टाकत बोलायचं. बोलणं वाहतं राहिलं तर बदक तळ्यापर्यंत पोचतं, अडलं तर मटकन खाली बसतं. शेवटी एक बाई म्हणते, ‘शाब्बास, बाळा. असंच बोलत राहा.’ ती बाई मी. सूर माझे, आवाजही माझा.

ॲप वाईट नाही, हे मला कबूल करायला हवं. काही मुलांना त्याने खरंच हुरूप येतो. फक्त त्याला अक्कल नाही. कोण काय बोलतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, बोलणं वाहतंय की नाही एवढंच ते बघतं. मी एकदा खोकल्याच्या बाटलीवरची सूचना ठेक्यात वाचून दाखवली, तर मलाही शाब्बासकी मिळाली, माझ्याच आवाजात.

ॲपच्या जाहिरातीत टिचकीच असणार हे ठरलं तेव्हा ती माझ्याकडे आली. शाळा सुटल्यावर, संगीताच्या खोलीत.

“आत्या, मला तो शब्द शिकव.”

“कुठला?”

तिने बोटाने माझ्या पाठीवर दोन अक्षरं काढली. प. प्पा.

दोन महिने आम्ही त्या एका शब्दामागे लागलो होतो. आधी पियानोवर सूर धरून, मग सूर हळू करत करत, मग नुसत्या बोटावर. मांडीवर तीन टिचक्या, चौथीला शब्द. शूटिंगच्या आदल्या आठवड्यात तिने सुराशिवाय म्हटला. मग लागोपाठ दहा वेळा म्हटला. खोलीत पप्पा नव्हते, पण पोरीचा चेहरा असा झाला होता की मला उगाचच पियानो पुसत बसावं लागलं.

“शूटिंगच्या दिवशी म्हणणार. सगळ्यांसमोर. तोवर सांगू नकोस,” तिने बजावलं. आणि मी, जिच्या पोटात काही राहत नाही असं अख्खं घर म्हणतं, ती गप्प राहिले.

शूटिंग भावाच्या ऑफिसात होतं. चौथा मजला, काचेची खोली, नव्या गालिच्याचा घशात बसणारा वास. भिंतीवर दात दाखवून हसणारी मुलं, त्यातल्या एकाचीही नजर दुसऱ्याकडे नव्हती. जाहिरात करणारा माणूस उलटी टोपी घालून वेफर खात होता आणि बोटं पँटला पुसत होता. त्याच बोटांनी त्याने टिचकीची हनुवटी वर केली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. बाजारात लोक वांगं असंच बघतात. एका मुलीने येऊन तिच्या चेहऱ्यावर पावडरचा ओला स्पंज फिरवला. टिचकीने डोळे घट्ट मिटून सगळं सहन केलं.

“दोनच शॉट आहेत,” टोपीवाला म्हणाला. “आधी आणि नंतर. आधी ‘आधी’ घेऊ.”

टिचकी स्टुलावर बसली. मांडीवर बोट वाजलं आणि तिने आपलं नाव, वय, शाळा सगळं नीट सांगितलं. एका ठिकाणी थोडी थांबली, तेवढंच. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

“कट. सर, ही तर बोलते,” टोपीवाला म्हणाला. फसवून माल गळ्यात मारावा तशी त्याची तक्रार होती. “मला अडखळणं हवंय.”

भाऊ तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. “बाळा, जरा पूर्वीसारखं बोल ना. एकदाच.”

“मला मुद्दाम नाही येत,” ती म्हणाली.

“सोप्पं आहे गं,” टोपीवाला म्हणाला. “म-म-म-माझं. असं.”

दिवा धरून उभा असलेला माणूस फिस्सकन हसला. मग माझ्या भावाने करून दाखवलं. टोपीवाल्याची नक्कल निदान भिकार तरी होती. भावाची हुबेहूब होती. डावा डोळा मिटलेला, हनुवटी एका बाजूला ओढलेली, ओठ ‘प’वर चिकटलेले, मानेची शीर वर आलेली. तो तिच्याकडे इतकं बारकाईने बघत आलाय हे मला माहीत नव्हतं. बघून त्याने हे साठवून ठेवलं होतं. मला किळस आली. पाठच्या भावासाठी हा शब्द वापरवत नाही, पण दुसरा सापडत नाही.

टिचकी आरशात बघावं तशी त्याच्याकडे बघत होती.

“बास झालं,” मी म्हणाले. “ऊठ गं, आपण जाऊ.”

“ताई, दोन मिनिटं. किती मुलांचं भलं होणार आहे यातून.” मग आवाज खाली आणून, तोच तो गोड आवाज, “आणि तुझाच आवाज आहे ना त्यात? मग आता कसला सोवळेपणा?”

मी भिंतीवरच्या हसणाऱ्या मुलांकडे बघत राहिले. त्या बघत राहण्याचीही मला अजून किळस येते.

“आत्या, थांब,” टिचकी म्हणाली. “माझं राहिलंय अजून.” काय राहिलंय ते फक्त मला ठाऊक होतं.

तेवढ्यात भावाचं लक्ष तिच्या मांडीकडे गेलं. तो हुशार आहे, पहिल्यापासून. “हिचं बोट चालतंय,” तो म्हणाला. “त्याच्यावर बोलतेय ती.” त्याने खुर्ची ओढली, कॅमेऱ्यात येणार नाही असा तिच्याशेजारी बसला आणि तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. प्रेमाने घेतात तसाच घेतला.

तिलाही ते प्रेमच वाटलं. तिने त्याच्याकडे बघितलं, चेहरा उजळला, आणि मला कळलं की ती आता तो शब्द म्हणणार. तिने श्वास घेतला. बोट हलायला गेलं. त्याने मूठ आवळली.

“प—”

ओठ चिकटले. डावा डोळा मिटला. हनुवटी बाजूला ओढली गेली. मानेची ती बारीक शीर वर आली. कॅमेरा हळूहळू पुढे सरकला. त्याची मूठ तशीच घट्ट होती आणि आतमध्ये तिचं बोट धडपडताना मला दिसत होतं. मी पुढे झाले, तोवर टोपीवाला ओरडला.

“कट. वा, सर. एकदम खरं आलं.”

भावाने हात सोडला आणि तिला अंगठा दाखवला. तिच्या बोटांवर पांढरे वळ होते. ती ते चोळत बसली. आजूबाजूला सगळे खूश होते. कुणीतरी मला वेफर पुढे केले.

‘नंतर’च्या शॉटला तिच्या डाव्या हातात फोन दिला. समोर फळ्यावर वाक्य लिहिलं होतं, ‘आता मी न अडखळता बोलते.’ फोनने ठेका धरला, पडद्यावर बदक उभं राहिलं. तिचा उजवा हात मांडीवर गेला. या वेळी तो कुणी धरला नाही, कारण आता तिने बोलायला हवं होतं. टिचकी. टिचकी. टिचकी.

“पप्पांनी. माझा. हात. धरला. होता.”

एकही अक्षर अडलं नाही. तिने आणखी तीन टिचक्या वाजवल्या.

“म्हणून. मी. अडले.”

बदक डुलत डुलत तळ्यात उतरलं. आणि त्या काचेच्या खोलीत फोनमधून मी बोलले. ‘शाब्बास, बाळा. असंच बोलत राहा.’

“आवाज छान आलाय, सर,” टोपीवाला म्हणाला. “फक्त वाक्य बदलून घेऊ.”

भावाला ते ऐकूच गेलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्याला पोरीने पप्पा म्हटलं होतं. तो खुर्चीवरून उठला, पुन्हा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. गोड बोलायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

“परत म्हण ना, बाळा,” तो म्हणाला. “नुसतं पप्पा म्हण.”

टिचकीने फोन स्टुलावर ठेवला आणि बाहीने चेहऱ्यावरची पावडर पुसली. ती पूर्ण पुसून होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.

“अहो,” ती म्हणाली, “घरी चला.”

या वेळी कुणी हसलं नाही.